हवेत धरलेला टेप

मोंतेपेर्निचेच्या चौकात, कारंज्याच्या उजव्या हाताला, एक संगमरवरी शिळा उभी आहे. तिची उंची एक मीटर दहा सेंटिमीटर आणि रुंदी सत्तर. वरच्या बाजूस तीन ओळी कोरलेल्या आहेत : 'दोन गावांची दौड. दहा हजार मीटर अंतर चाळीस मिनिटांच्या आत धावलेले.' त्याखाली नावांसाठी जागा सोडलेली आहे. ही जागा गेल्या वर्षापर्यंत, म्हणजे पूर्ण बेचाळीस वर्षे, कोरीच राहिली होती. समोरच्या टेकडीवरचे कास्तेल्गुफोचे लोक आमच्याकडे बाजाराला आले की शिळेसमोर टोपी काढून उभे राहत आणि विचारत, हे मयत कधी झाले.

दौडीचा मार्ग मी मोजला होता. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले. मी व्यवसायाने मोजणीदार. १९६५ साली तांत्रिक विद्यालयातून पदविका घेतली आणि पुढची चव्वेचाळीस वर्षे या दोन टेकड्यांवरची शेते, द्राक्षमळे, कुंपणे आणि भाऊबंदकीच्या भिंती मोजल्या. माझ्या मोजणीवर एकही दावा उभा राहिला नाही. दोन राहणार होते, पण वादींनी माझी वही पाहिली आणि ते मुकाट्याने घरी गेले.

मार्ग सांगायला सोपा आहे, धावायला नाही. गावाखालच्या सान रोक्कोच्या देवळीपासून निघायचे, द्राक्षमळ्यांतून ओढ्यावरच्या गिरणीच्या पुलापर्यंत उतरायचे, जुन्या खेचरवाटेने कास्तेल्गुफोला चढायचे, त्यांच्या बुरुजाला वळसा घालून पुन्हा पूल गाठायचा आणि शेवटी आमच्या वेशीतून चौकात यायचे. सपाटी म्हणावी अशी जागा वाटेत फक्त पुलावर आहे, आणि पूल अठरा मीटरचा आहे.

आमच्या गावातून शिळेवर नाव लागण्याच्या सर्वांत जवळ पोहोचलेला माणूस म्हणजे माझा मेहुणा, माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ नाझारेनो. १९८३ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो चाळीस मिनिटे चौदा सेकंदांत आला. त्यानंतर त्याने लग्न केले, तीन मुली वाढवल्या, दोन एकर मळा चार एकर केला. परंतु या सगळ्याविषयी त्याला कुणी विचारले तर तो थोडक्यात आटोपत असे. चौदा सेकंदांविषयी न विचारताही सविस्तर सांगत असे.

त्याचे म्हणणे असे. कास्तेल्गुफोहून उतरताना ओलिंदोच्या आईच्या वाड्यातून टर्की कोंबड्यांचा कळप रस्त्यावर आला. ओलिंदो हा त्या गावचा धावणारा, तेव्हा तेवीस वर्षांचा, आणि नाझारेनोच्या शंभर पावले मागे होता. कोंबड्या आपोआप सुटत नसतात. नाझारेनोला थांबावे लागले, आणि थांबण्याचा तो वेळ बरोबर चौदा सेकंद होता. मी ही हकीकत पहिल्या वर्षी ऐकली तेव्हा कळपात सात टर्की होत्या आणि थांबणे होते 'पाचसहा सेकंद'. मी नोंद ठेवणारा माणूस असल्यामुळे कळपाची वाढ माझ्या लक्षात येत गेली. अलीकडे तीस टर्की असत, आणि त्यांतला एक नर त्याच्याकडे पाहून थांबलेला असे.

तो शिळेजवळून जाताना मान दुसरीकडे वळवून जाई. बाकी कुणी पाहिले नसेल. मी पाहिले आहे. गावाला ही गोष्ट विनोदाची वाटे, त्याला वाटत नसे. बहात्तराव्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्याचे क्ष-किरण चित्र दाखवले तेव्हा तो म्हणाला, आता काही कोरायचं राहिलं नाही. एवढे म्हणून त्याने विषय बदलला. टर्कीवरसुद्धा गेला नाही. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा काळजी वाटली.

गेल्या वर्षी वसंतात प्रांताच्या धावसंघटनेचे पत्र आले. मार्गाची अधिकृत मोजणी असल्याशिवाय दौड यापुढे त्यांच्या वार्षिक यादीत छापली जाणार नाही. यादीत नाही म्हणजे बाहेरचे धावणारे नाहीत, आणि बाहेरचे नाहीत म्हणजे आमच्या गावचे एकोणीस आणि त्यांच्या गावचे बावीस. पंचायतीने मला बोलावले. मी म्हणालो, खुशाल मोजा. दहा हजार निघतील.

मोजायला अँकोनाहून दिलेत्ता नावाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, शांत, सायकल घेऊन आलेल्या. त्यांच्या सायकलच्या पुढच्या चाकाला एक आकडेयंत्र होते; चाक फिरेल तसा आकडा पुढे सरके. आधी मोजून ठेवलेल्या सरळ तुकड्यावर सायकल चार वेळा चालवायची, मीटरमागे किती आकडे पडतात ते काढायचे, आणि मग मार्गावर निघायचे. असा सरळ आणि सपाट तीनशे मीटरचा तुकडा आमच्या पंचायतीच्या हद्दीत एकच आहे, स्मशानभूमीच्या भिंतीलगत. तो मी माझ्या पोलादी टेपने त्यांना आखून दिला. त्यांनी आपल्या टेपने तपासला. फरक चार मिलिमीटर. त्या म्हणाल्या, "साहेब, असं काम आजकाल बघायला मिळत नाही." मी म्हणालो की तेव्हाही मिळत नसे.

मार्ग मोजण्याचा त्यांचा नियम मला पसंत पडला. धावणारा जितका कमीत कमी धावू शकेल तितके अंतर मोजायचे; म्हणजे प्रत्येक वळण आतून घ्यायचे, भिंतीपासून तीस सेंटिमीटरवर. नियम कागदावर स्वच्छ आहे. परंतु आमच्या चौकाच्या आतल्या वळणावर, भिंतीपासून बरोबर तीस सेंटिमीटरवर, सेत्तिमिओ पाथरवट आणि त्याचे तीन सोबती रविवारी सकाळी पत्ते खेळतात. त्यांचे टेबल तिथे माझ्या पदविकेच्या आधीपासून आहे.

दिलेत्ताबाई सायकलवर एक पाय टेकून थांबल्या. मी सेत्तिमिओला टेबल सरकवायला सांगितले.

"दौडीच्या दिवशी सरकवतोच की," तो पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाला.

"आज दौडीचाच दिवस आहे असं समज. या बाई म्हणजे धावणारा."

"मग त्या धावणाऱ्याला सांगा, डाव संपेपर्यंत थांब म्हणावं. चाळीस मिनिटांच्या आत काही तो यायचा नाही. या गावात कोण आलाय?"

डाव संपेपर्यंत आम्ही थांबलो. बाईंनी मधल्या वेळात सेत्तिमिओच्या मागे उभे राहून त्याचे पत्ते पाहिले, आणि त्याने चुकीचे पान टाकले तेव्हा त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. त्यानंतर टेबल ताबडतोब सरकले.

आकडा निघाला दहा हजार त्रेसष्ट. दुसऱ्यांदा मोजले, दहा हजार एकसष्ट. नियमाप्रमाणे लहान आकडा धरायचा, आणि तोही शंका राहू नये म्हणून आधीच किंचित कमी करून घेतलेला असतो. म्हणजे मार्ग निदान एकसष्ट मीटर जास्त होता, यात संशयाला जागा नव्हती.

मी आक्षेप घेतला. चाकातली हवा उन्हाने फुगली असेल म्हणालो. फुगली तर आकडा कमी येतो, हे बाईंनी नम्रपणे लक्षात आणून दिले. सायकल डगमगली असेल म्हणालो. त्यांनी मला स्वतः सायकलमागे चालू दिले होते. शेवटी त्यांनाच माझी कीव आली. त्या म्हणाल्या, रस्ते सरकतात. बेचाळीस वर्षांपूर्वी ही मातीची वाट होती, नंतर डांबर झाले, वळणे बदलली असतील; तसे लिहून टाकू. आता सुरुवातीची रेघ एकसष्ट मीटर पुढे घेतली की झाले.

हा खुलासा सन्मान्य होता. मी तो स्वीकारला, त्यांचे आभार मानले आणि जेवायला घरी गेलो.

रविवारी नाझारेनो आमच्याकडे जेवतो. झेलिंदाने, म्हणजे माझ्या पत्नीने, विंचिसग्रासी केले होते. मैद्याच्या पातळ पट्ट्यांचे आणि खिम्याचे हे थर लावताना ती बाराच्या खाली येत नाही. नाझारेनोने दोनदा वाढून घेतले आणि मला विचारले की अँकोनाच्या बाईंना टर्कीविषयी सांगितले का. मी म्हणालो, त्या विषयाला रकाना नव्हता. तो हसला, पण पूर्वीसारखा नाही. जेवून तो बाहेर बाकावर जाऊन बसला. माझ्या डोक्यात मात्र एकसष्ट होते. वळणे बदलली असती तर पंचायतीच्या नकाशात दिसली असती, आणि ते नकाशे माझेच होते. एकही वळण बदललेले नव्हते.

मी कपाटातून १९८२ ची वही काढली. मोजणी स्वच्छ होती, पाचशे टप्पे, प्रत्येकी वीस मीटर. रकान्याच्या माथ्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : 'आडवे अंतर'. ते दोन शब्द वाचून मी खाली बसलो. वास्तविक मी बसलेलाच होतो, तरीही.

हे नीट सांगितले पाहिजे. जमीन मोजताना मोजणीदार उतारावर टेप टाकत नाही. उतार कितीही असो, टेप हवेत पाणसळीत, म्हणजे अगदी आडवा, धरायचा, खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा, आणि ओळंबा टेकेल तिथून पुढचा टप्पा. टेकडी जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी उतरायची. कायदा जमीन सपाट धरतो, कारण पीक सरळ उभे वाढते; उतारावर जमीन जास्त दिसली म्हणून गहू जास्त उभा राहत नाही. विद्यालयात आमच्या हाताला ही सवय तीन वर्षे लावली गेली. पुढे माझ्या हातात टेप आला की तो आपोआप पाणसळीत जाई. झेलिंदाने पडद्यांसाठी कापड आणले तेव्हाही गेला.

परंतु धावणारा माणूस पिकासारखा सरळ उभा वाढत नाही. तो उतारावरून जातो. शंभर मीटरला बारा मीटर चढ असेल तर त्याचे पाय बहात्तर सेंटिमीटर जास्त चालतात. मी १९८२ साली दोन गावांची दौड जमिनीवरून नव्हे, हवेतून मोजली होती.

आणि वहीच्या समासात, सत्ताविसाव्या टप्प्यापाशी, एक टिपण होते : 'नाझारेनो बडबड करतो.' टेपचे दुसरे टोक त्यानेच धरले होते. त्याने केलेली बडबड मला शब्दशः आठवली. भर उन्हात, हात डोक्यावर ताणून उभा असताना तो म्हणाला होता, "दाजी, टेप हवेत कशाला धरायचा? लोक काय उडत जाणार आहेत?" मी त्याला सांगितले होते की ज्याला कळत नाही त्याने हात सरळ ठेवावा.

मी त्रैराशिक मांडले. दहा हजार एकसष्ट मीटरला चाळीस मिनिटे चौदा सेकंद, तर दहा हजारला किती. उत्तर आले एकोणचाळीस मिनिटे एकोणसाठ सेकंद आणि वर थोडा अपूर्णांक. मी ते तीनदा मांडले, एकदा उलटे. खिडकीतून तो बाकावर बसलेला दिसत होता, गुडघा चोळत.

मी स्वयंपाकघरात जाऊन झेलिंदाला सांगितले. ती भांडी पुसत होती, पुसत राहिली.

"म्हणजे माझा भाऊ एक्केचाळीस वर्षं खरं बोलत होता," ती म्हणाली.

मी म्हणालो की तसे नाही. तो टर्कीविषयी बोलत होता आणि टर्कीचा यात काहीही संबंध नाही.

"आणि तुमच्याशिवाय हे कुणाला कळलंय?"

"कुणाला नाही. बाईंनी रस्ते सरकतात असं लिहिलंय."

"रस्ते," ती म्हणाली. तिने फडके दांडीवर वाळत घातले, नीट ताणून, आणि म्हणाली, "सांगा त्याला. पण आज नको. दोनदा वाढून घेतलंय त्यानं, पचायचं नाही."

मी त्या दिवशीच सांगितले, कारण दुसऱ्या दिवशी माझा धीर टिकला नसता. नाझारेनोने वही हातात घेतली, समासातले टिपण वाचले. मग त्याने विचारले, "एकोणसाठ? नक्की?" मी म्हणालो, नक्की. त्याने वही मिटली, टोपी घातली, आणि घरी जाण्याचा सरळ रस्ता सोडून चौकातून गेला. मी काही अंतर ठेवून मागोमाग गेलो. शिळेपाशी त्याने मान वळवली नाही.

शिळेवर कोरायचे तर पंचायतीला माझा लेखी दाखला हवा. मी तो तीन पानांत लिहिला, आकृतीसह, आणि सभेत वाचला. सभा गंभीरपणे ऐकत होती. चूक माझी आहे, असे मी जिथे म्हटले तिथे नगराध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. अशा वाक्याची त्यांना सवय नव्हती. मग औषधवाल्याने हात वर केला आणि विचारले की उतारावर अंतर जास्त भरत असेल तर त्याचा मळाही कागदावर आहे त्याहून मोठा असणार, मग शेजाऱ्याची भिंत मागे घ्यायला कुणाकडे अर्ज करायचा.

पुढचे दोन दिवस माझ्या दारात रांग होती. अकरा जण आले. प्रत्येकाला मी गव्हाचे उदाहरण दिले. जमीन मी बरोबर मोजली होती, दौड चूक मोजली होती, आणि दोन्हींचे कारण एकच होते, हे पटवून देणे सोपे नव्हते. सेत्तिमिओ म्हणाला, "म्हणजे तुम्ही चुकलात ते बरोबर केल्यामुळं." इतके नेमके मला तीन पानांत मांडता आले नव्हते.

गाव मात्र खुशीत होते. मयत अखेर सापडले, असे म्हणत लोक नाझारेनोचे अभिनंदन करू लागले. सेत्तिमिओने अक्षरांचा आराखडा काढला. बेकरीवाल्याने त्याला भर चौकात मिठी मारली. इथे मी थांबलो असतो तर सगळे सुखात पार पडले असते. परंतु नियम एकाला लावला की सर्वांना लावावा लागतो. मी दौडीच्या नोंदवह्या काढल्या, चारही, आणि एक्केचाळीस वर्षांच्या सगळ्या वेळा पुन्हा तपासल्या. एका वर्षी पावसाने दौड झाली नव्हती.

एकच नाव निघाले. १९९१, ओलिंदो, कास्तेल्गुफो, चाळीस मिनिटे बारा सेकंद. त्याचे त्रैराशिक : एकोणचाळीस मिनिटे सत्तावन्न सेकंद.

पंचायतीची दुसरी सभा पहिल्यापेक्षा लहान झाली. कास्तेल्गुफोच्या माणसाचे नाव मोंतेपेर्निचेच्या चौकात, तेही आमच्या माणसापेक्षा दोन सेकंद पुढे, ही कल्पनाच कुणाला सहन होईना. औषधवाला म्हणाला, रस्ते सरकतात हा खुलासा त्याला सुरुवातीपासूनच जास्त शास्त्रीय वाटत होता. नगराध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारले की १९९१ ची ती वही हरवू शकते का. मी म्हणालो, बाकीच्या तीन हरवू शकतात, माझ्याकडची नाही. चारही माझ्याकडेच आहेत. तेव्हा असे ठरले की दोन्ही नावे किंवा एकही नाही, आणि निर्णय नाझारेनोने करावा. एवढे ठरवून सभासद घाईने निघून गेले.

नाझारेनो तीन दिवस मळ्यातून गावात आला नाही. झेलिंदाने डबा पाठवला, तो रिकामा परत आला, निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, खातोय म्हणजे जगेल. मला तेवढ्याने समाधान नव्हते. माणसाचे एक्केचाळीस वर्षांचे मागणे मी एका दुपारी पुरे केले होते आणि दुसऱ्या दुपारी त्यावर त्याच्या वैऱ्याचे नाव लिहिले होते. दोन्ही वेळा अचूक हिशेबाने. मी कधी नव्हे ते विचार केला की अचूक हिशेब जरा उशिरा केला असता तर काय बिघडले असते.

चौथ्या दिवशी तो आला. बाकावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"दाजी, एक विचारू? माझं एकट्याचं नाव कोरलं, तर ते मोजलं कुणी?"

"मी."

"आणि तुम्ही माझे कोण?"

उत्तराची वाट न पाहता तो पुढे बोलू लागला. 

"उद्या कास्तेल्गुफोवाले येणार, शिळेपुढं उभे राहणार आणि म्हणणार, बहिणीच्या नवऱ्यानं मेहुण्याला चौदा सेकंद आहेर दिला. माझ्या नातवंडांनाही तेच सांगतील. पण ओलिंदोचं नाव खाली असलं, तर कोण काय बोलेल? स्वतःच्या माणसाला खोटं म्हणतील?" त्याने टोपी घातली. "त्याचं नाव म्हणजे तुमच्या दाखल्यावरचा शिक्का आहे. कोरा. फक्त एक अट. वर्षाच्या क्रमानं कोरायचं, वेळेच्या नाही."

१९८३ हे १९९१ च्या आधी येते, यात मतभेदाला जागा नव्हती. मी तशी शिफारस लिहून दिली.

सुरुवातीची रेघही त्याच आठवड्यात एकसष्ट मीटर पुढे घेण्यात आली. सान रोक्कोच्या देवळीपासून एकसष्ट मीटर म्हणजे माझ्या घराचे फाटक. मी स्वतः मोजले, यावेळी टेप जमिनीवर टाकून, आणि दोनदा मोजूनही ते माझेच फाटक निघाले. दौडीआधी धावणारे अर्धा तास चुळबुळत उभे असतात आणि लघवीला आडोसा शोधतात. फाटकालगत माझे रोझमेरीचे कुंपण आहे, तीस वर्षांचे. झेलिंदा म्हणाली, देवाला मोजणी कळते.

नावे सप्टेंबरात, दौडीच्या आदल्या रविवारी, कोरली गेली. सेत्तिमिओने टेबल भिंतीपासून दोन मीटर सरकवून तिथेच हत्यारे मांडली होती. सगळे गाव जमले. कास्तेल्गुफोहून तीन गाड्या आल्या. ओलिंदो चौसष्टाव्या वर्षीही ताठ, पांढऱ्या सदऱ्यात, हातात कापडाने झाकलेले मोठे भगुणे घेऊन उतरला. एक्केचाळीस वर्षांत हे दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. आमच्याकडे टेकडी ते टेकडी न बोलणे फारसे कठीण नसते, पण एका चौकात अवघड जाते.

ओलिंदोने शिळा पाहिली. वरचे नाव, खालचे नाव, दोन्हींपुढच्या वेळा. मग त्याने भगुणे पत्त्यांच्या टेबलावर ठेवले आणि कापड काढले. आत भाजलेली टर्की होती, बटाट्यांसकट.

"आईनं सांगितलं होतं," तो नाझारेनोकडे न पाहता म्हणाला, "कधी तुझं नाव लागलं तर ही घेऊन जा. फाटक तिनंच उघडलं होतं. मी सांगितलं नव्हतं. पण बंद कर असंही म्हटलं नाही."

 नगराध्यक्षांनी भाषणाचा कागद परत खिशात घातला. नाझारेनो टर्कीकडे पाहत राहिला. एक्केचाळीस वर्षे ज्या कळपावर कुणी विश्वास ठेवला नाही, त्याचा हा एक साक्षीदार, कुरकुरीत भाजलेला, त्याच्यापुढे होता. मला वाटले तो रडेल. झेलिंदानेही रुमाल काढला.

"किती होत्या?" त्याने विचारले.

"नऊ."

"तीस."

"आईकडे तीस कधी नव्हत्या. नऊ होत्या, आणि तू थांबलास तो पाच सेकंद. मी मागून बघत होतो."

"पाच तर पाच," नाझारेनो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा उजळला होता, इतका की मला धोका ओळखता आला नाही. "दाजी, एकोणसाठातून पाच गेले, किती राहिले?"

"चौपन्न," मी म्हणालो. मोजणीच्या प्रश्नाला मी उत्तर देतो; ती सवय टेपइतकीच जुनी आहे.

"आणि याचे सत्तावन्न," नाझारेनो शिळेवर बोट ठेवून म्हणाला.

सेत्तिमिओने छिन्नी खाली ठेवली आणि तो सुरी शोधायला गेला, कारण टर्की गार होत होती. ते दोघे शिळेसमोर बाकावर शेजारी बसले आणि जेवण संपेपर्यंत भांडत राहिले. आधी कळपाच्या संख्येवरून, मग उताराच्या वळणावरून, मग कुणाच्या गावची द्राक्षे आधी पिकतात यावरून. तंगडी मात्र दोघांनी वाटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाझारेनो माझ्या फाटकाशी आला. त्याचे म्हणणे असे की वेळेपुढे कंसात टर्कीचे पाच सेकंद कोरता येतील, जागा आहे, त्याने मोजून पाहिली आहे. मी वही उघडली, त्याचा अर्ज तारखेसह लिहून घेतला आणि समासात जुनीच नोंद केली : नाझारेनो बडबड करतो. या वेळी मी त्याच्याखाली एक ओळ वाढवली, की तपास करावा.